नवापूरची अंडी आणि बाटलीतला झाडपाला

यंदा जानेवारीत नवापूरला जाण्याचा योग आला. योग म्हणजे काय, धाकट्या बहिणीचा फोन आला. "भाऊ, तू कॉमर्सचा. आमच्या बचत गटाचे छत्तीस हजार एका औषधात घालायचं चाललंय. कागदावर सही व्हायच्या आत ये." कचेरीत तीन दिवसांची किरकोळ रजा टाकली आणि भुसावळहून सुरतेकडे जाणाऱ्या गाडीत बसलो.

वाटेत नंदुरबारला एका मित्राचे काम होते म्हणून उतरलो. जानेवारीतले नंदुरबार म्हणजे मिरची. शहराबाहेर मोकळ्या रानात मिरचीच्या पथारी पसरलेल्या असतात, लांबून पाहणाऱ्याला जमीनच लाल झाल्यासारखी वाटते. बायका तोंडाला फडके बांधून देठ खुडत बसतात, मुले खोकत असतात. या मजुरीवर कितीतरी घरे चालतात. त्या पथारीच्या कडेला चारपाच कोंबड्या मिरचीचे बी टिपत होत्या. मला वाटले, यांचे तोंड पोळत कसे नाही? त्याचे उत्तर दोन दिवसांनी नवापुरात मिळाले, ते पुढे येईल.

नंदुरबार सोडले की खांडबारा, चिंचपाडा आणि मग नवापूर. कापसाचा काळा मुलूख मागे पडतो, सागाची झाडे आणि भाताची खाचरे सुरू होतात. इथला तांदूळ आणि इथली तूरडाळ नावाजलेली आहे, डाळीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. स्टेशन तर गमतीचे. राज्याची हद्द फलाटाच्या मधून गेली आहे. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तर गुजरातेत. एका बाकाचे अर्धे अंग एका राज्यात आणि अर्धे दुसऱ्या, लोक त्यावर बसून फोटो काढतात.

पण नवापूरचे नाव साऱ्या देशाला कळले ते या बाकामुळे नाही, कोंबड्यांमुळे. फेब्रुवारी 2006 मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू इथे सापडला. पांढरे कपडे, तोंडाला मुखवटे घातलेली सरकारी पथके शेडवर उतरली आणि लाखो कोंबड्या मारून खड्ड्यात पुरल्या. त्यानंतर फेब्रुवारी 2021 मध्ये पुन्हा तोच प्रकार. माझे मेहुणे दोन्ही वेळा इथल्या शेडवर अंडी वेचायच्या कामाला होते. मालकाला नुकसानभरपाईचा अर्ज करता आला. अंडी वेचणाऱ्याच्या मजुरीचा रकाना कुठल्या अर्जात असतो? 2021 नंतर मेहुणे शेडवर परत गेलेच नाहीत, ते आता हायवेवर ट्रकचे टायर काढतात. कोंबड्या मात्र घरात आल्या, बहिणीच्या हाताखाली.

"जय भीम, मामा," भाचीने दारातच पिशवी घेतली. चहा व्हायच्या आधीच बहिणीने मला मागच्या अंगणात नेले. सिमेंटचे पत्रे, मासे धरायच्या जुन्या जाळीचे कुंपण आणि आत बत्तीस तांबड्या कोंबड्या, ऱ्होड आयलंड रेडच्या संकराच्या. गटातल्या अकराही जणींकडे अशाच वीसतीस आहेत. हा व्याप वाढला त्याला कारण होते. नोव्हेंबर 2023 मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय शासनाने घेतला. बायकांनी विचार केला, शाळेला अंडी आपणच देऊ. तलंगा आणल्या, जाळ्या घेतल्या. जानेवारी 2025 मध्ये शासनाने अंड्याचा निधी बंद केला आणि हवे असल्यास लोकसहभागातून द्या म्हणून कळवले. आता ज्या वस्तीतली पोरे अंड्यावाचून राहतात, त्याच वस्तीने लोकसहभाग द्यायचा! असो. कोंबड्यांना शासन निर्णय वाचता येत नाही, त्या अंडी देत राहिल्या. बायकांना बाजार शोधावा लागला.

बाजारात शेडचे पांढरे अंडे सात रुपयांना मिळते. त्याच्याशी बरोबरी करणे घरच्या कोंबडीला परवडत नाही. गावरान म्हणून गेले तर बारा मिळतात. हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याने रोज शंभर घेण्याचे कबूल केले होते, पण आठवड्याभरात त्याने माल परत पाठवला. म्हणाला, बलक फिका आहे, गिऱ्हाईक गावरान मानत नाही. टरफल पातळ, ट्रेमध्येच पिचते. त्यात थंडी पडली आणि अंडीही कमी झाली. बहिणीच्या बत्तीस कोंबड्यांची रोज बावीस यायची ती चौदावर आली.

अशा वेळी मोटारसायकलवरून एक तरुण आला. टाय लावलेला, बोलायला गोड. त्याच्याकडे हिरव्या रंगाची बाटली होती. तिच्यावर अश्वगंधा, शतावरी, तुळस, भुईआवळा अशी पंधरावीस नावे छापलेली. कवच कडक, बलक केशरी, अंडी दुप्पट आणि रोग जवळ येणार नाही. एका घराला महिन्याला एक बाटली, किंमत 640 रुपये. अकरा घरांची सहा महिन्यांची एकदम घेतली तर 42,240 चा माल 36,000 ला.

मी बाटली हातात घेऊन चष्मा सरसावला. नावे होती, पण कोणती वनस्पती किती, हे एकाही ओळीत नव्हते. हिशेबाच्या माणसाला एवढे पुरते. मी तिथेच हिशेब मांडला. दिवसाला चौदा म्हणजे महिन्याला 420 अंडी. 640 भागिले 420, एका अंड्यावर दीड रुपया. गटातली प्रत्येक बाई महिन्याला शंभर रुपये टाकते, म्हणजे गटाचे महिन्याचे 1100. छत्तीस हजार म्हणजे जवळजवळ तेहतीस महिन्यांची बचत. हे ऐकून ओसरीवर बसलेल्या बायका गप्प झाल्या. मग जोरात मी म्हणालो, "आणि बलकाच्या रंगाने काय होतं? रंगात ताकद नसते."

माझी बहीण सातवी शिकलेली आहे. ती म्हणाली, "भाऊ, ताकद नसेल, पाच रुपये आहेत." याला बी. कॉम.च्या पुस्तकात उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही एका निवृत्त पशुधन पर्यवेक्षकांकडे गेलो. गावित समाजाचे गृहस्थ, सारा गाव त्यांना डॉक्टरसाहेब म्हणतो. अंगणात शेवगा, कडेला झेंडू, आणि पायात घोटाळणाऱ्या सातआठ देशी कोंबड्या. त्यांनी आमची बाटली बघितली आणि बाजूला ठेवली. आधी विचारले, "कोंबड्यांना खायला काय घालता?"

"तांदळाची कणी. कधी शिळी भाकर, भात."

"आणि हिरवं?"

बहीण म्हणाली, पूर्वी मोकळ्या सोडत होतो. शेजाऱ्यांच्या मेथीत गेल्या, भांडण झाले, तेव्हापासून जाळीतच.

डॉक्टरसाहेब हसले. म्हणाले, तुमच्या तीन तक्रारी आहेत, आणि तिन्हींची कारणे वेगळी आहेत. ही बाटली तिन्हींवर एकच औषध सांगते, तिथेच संशय घ्यायचा.

पहिली तक्रार रंगाची. कोंबडीला बलकाचा पिवळा रंग स्वतः तयार करता येत नाही, तो चाऱ्यातून यावा लागतो. पिवळा मका, लसूणघास, शेवग्याचा पाला, कोवळे गवत यात तो असतो. पांढऱ्या तांदळात अजिबात नसतो. नवापुरात कणी स्वस्त म्हणून सगळ्या कणी घालतात आणि म्हणून सगळ्यांचा बलक फिका. झेंडूच्या पाकळ्यांत ल्युटीन नावाचे पिवळे द्रव्य असते. दक्षिणेत त्यासाठीच झेंडूची शेती होते, कारखान्यांत अर्क काढतात आणि तो कोंबडीच्या खाद्यात जातो. मोठ्या पोल्ट्रीवाल्यांकडे फिक्या पिवळ्यापासून गडद केशरीपर्यंत पट्ट्यांचा एक पंखा असतो, तो फोडलेल्या अंड्याशेजारी धरून रंग मोजतात. आणि लाल रंगाची छटा हवी असेल तर मिरची. नंदुरबारच्या पथारीवरच्या कोंबड्यांचे कोडे इथे सुटले. मिरचीचा तिखटपणा आपल्याला जसा झोंबतो तसा पक्ष्यांना लागत नाही. तिचा लाल रंग मात्र बलकात उतरतो, आणि अंडे तिखट होत नाही.

सावलीत वाळवलेल्या झेंडूच्या पाकळ्या, शेवग्याचा पाला वाळवून केलेली पूड, मूठभर मिरचीचा चुरा, आणि अर्धी कणी काढून तिच्या जागी पिवळ्या मक्याचा भरडा. आठदहा दिवसांत बलकाचा रंग पालटतो, असे ते म्हणाले. पण इथे त्यांनी बोट वर केले. देवळाबाहेरचे, बाजारातले टाकलेले हार उचलून आणू नका, त्यावर फवारणी असते. बुरशी लागलेली मिरची किंवा मका घालू नका, बुरशीचे विष कोंबडीच्या काळजात बसते. बाजारची सुटी स्वस्त हळद तर नकोच, पिवळीधमक दिसावी म्हणून तिच्यात शिशाचा रंग मिसळल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत, ते अंड्यावाटे पोरांच्या पोटात जायचे. चीनमध्ये 2006 साली बदकांच्या अंड्यांचा बलक लाल दिसावा म्हणून खाद्यात सुदान नावाचा कापडाबुटाला लावायचा रंग घातल्याचे उघड झाले आणि मोठा गहजब झाला. रंगाच्या मागे लागले की माणूस तिथवर जातो.

शेवगाही बेताने. पाल्यात प्रथिने भरपूर, पण खाद्याच्या शंभर भागांत पाच भाग पुरे, फार घातला तर अंडी उलट घटतात. कडूनिंबाचे तेच. लसूण पाकळी दोन पाकळी ठीक.

दुसरी तक्रार पातळ टरफलाची. इथे डॉक्टरसाहेबांनी सरळ सांगितले की कुठलाही झाडपाला उपयोगाचा नाही. टरफल म्हणजे चुनखडी. एका टरफलात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते आणि कोंबडी खाल्लेल्यापैकी निम्मेच पचवते, म्हणून तिला रोज चार ग्रॅम लागते. चाऱ्यातून मिळाले नाही तर ती स्वतःच्या हाडांतून काढते. हे ऐकताना मला आमच्या वस्तीतल्या बाळंतिणी आठवल्या. टरफल तयार व्हायला वीसेक तास लागतात आणि बरेचसे काम रात्री चालते. म्हणून शिंपल्याचा जाड चुरा किंवा चुनखडीची कणी संध्याकाळी वेगळ्या भांड्यात ठेवायची. ज्या कोंबडीला गरज असते ती बरोबर खाते. पानात खायचा चुना घालायचा नाही, तो तोंड आणि आतडी जाळतो. घरातली अंड्याची टरफले तव्यावर भाजून कुटून घातली तरी चालतात. दहा ग्रॅम चुरा दर कोंबडीला धरला तर बत्तीस कोंबड्यांना महिन्याला साडेनऊ किलो. दुकानात त्या दिवशी पंधरा रुपये किलो होता. अंड्यामागे चौतीस पैसे. मी हे त्यांच्याच अंगणात पाकिटाच्या पाठीवर मांडले.

तिसरी तक्रार अंडी घटल्याची, आणि तिचे कारण तर डोक्यावर होते. जानेवारीत दिवस अकरा तासांचा. अंड्यावरच्या कोंबडीला पंधरा तासांच्या आसपास उजेड लागतो. खुराड्यात पहाटे चार तास नऊ वॅटचा एक दिवा लावला तर महिन्याला एक युनिटच्या थोडी वर वीज. दिवस मोठा होऊ लागला की अंडी आपोआप वाढतात. "तो पोरगा जानेवारीत बाटली विकतो," डॉक्टरसाहेब म्हणाले, "फेब्रुवारीत अंडी वाढली की बाटलीचं नाव होतं."

मी विचारले, मग झाडपाल्याला अर्थच नाही का? ते म्हणाले, तसे नाही. शेडवर वर्षानुवर्षे कोंबड्या वाढाव्यात म्हणून खाद्यातच प्रतिजैविके घालत. त्याने औषधाला दाद न देणारे जंतू तयार होतात आणि तेच जंतू माणसाच्या अंगावर येतात. युरोपात वाढीसाठी अशी औषधे घालायला 1 जानेवारी 2006 पासून बंदी आली. आपल्याकडे कोलिस्टिन हे माणसासाठी शेवटचे म्हणून राखलेले औषध कोंबड्यांना द्यायला जुलै 2019 मध्ये बंदी झाली. तेव्हापासून जगभर ओवा, लसूण, हळद, दालचिनी यांच्यावर प्रयोग सुरू आहेत, आणि काहींचा भूक, पचन, उन्हाचा ताप यांवर थोडाफार गुण दिसलाही आहे. थोडाफार. मानमोडीला मात्र लसच पाहिजे, आणि बर्ड फ्लूला कुठला काढा चालत नाही हे नवापूरला सांगायला नको.

इथे मेहुण्यांनी मान खाली घातली. मग हळूच सांगितले की मागच्या पावसाळ्यात कोंबड्या शिंकायला लागल्या तेव्हा त्यांनी शेडवरच्या ओळखीच्या माणसाकडून एक पिवळी पुडी आणून पाण्यात घातली होती. अंडी? अंडी विकली, घरीही खाल्ली. डॉक्टरसाहेब रागावले नाहीत. औषध चालू असताना आणि बंद केल्यावर ठरलेले दिवस अंडी खायची नसतात, एवढेच म्हणाले. बाटलीविषयी मी इतका वेळ तावातावाने बोलत होतो आणि खरी भीती घरातल्या फडताळात पुडीत बांधलेली होती.

निघताना गटातल्या एका मावशीने लाजत लाजत आपला प्रश्न काढला. पाहुणे येणार म्हणून तिने आठवडाभर अंडी साठवली होती. फोडली तर बलक हिरवट तपकिरी आणि पांढरे गुलाबी. शेजारणीने सांगितले, करणी झाली आहे, नारळ उतरवा. तिने नारळ आणि अकरा रुपये दिलेही होते. डॉक्टरसाहेबांनी विचारले, "सरकीची पेंड घालता का?" घालत होती, म्हशीसाठी आणलेली. सरकीतल्या द्रव्यांनी साठवलेल्या अंड्याचा रंग असा फिरतो, पेंड बंद करा. आमच्या खानदेशात सरकी घरोघर, आणि करणीही घरोघर. मावशीने कपाळावर हात मारला. नारळाचे पैसे परत मागावे की नाही यावर परतीच्या वाटेवर बायकांत बराच खल झाला.

रात्री गटाची बैठक झाली. मला वाटले होते, आता बाटली रद्द. पण दोघी अडून बसल्या. त्यांचे म्हणणेही खोटे नव्हते, पाला कुणी वाळवायचा, मका कुणी भरडायचा? दिवसभर मजुरी करून आलेल्या बाईला झाकण उघडून चमचाभर पाण्यात टाकणे सोपे. शेवटी ठरले ते असे. छत्तीस हजार द्यायचे नाहीत. एका घरी दोन बाटल्या घेऊन वापरायच्या. बहिणीकडे मका, पाला, झेंडू, शिंपल्याचा चुरा आणि दिवा. तिसऱ्या एका घरी काहीच बदलायचे नाही. दोन महिने तिन्ही घरांनी लिहून ठेवायचे. मी वह्या आखून दिल्या. तारीख, एकूण अंडी, फुटलेली, आणि आठवड्यातून एकदा पांढऱ्या बशीत एक अंडे फोडून बलकाचा रंग. ताजेपणा बघायला अंडे पाण्यात सोडायचे, आडवे बुडाले तर ताजे, उभे राहिले तर जुने. भाचीने वहीवर सुवाच्य अक्षरात नावे घातली.

एक वाद मात्र मिटला नाही. झेंडू घालून बलक केशरी केला आणि जाळीतल्या संकरित कोंबडीचे अंडे गावरान म्हणून विकले, तर ती फसवणूक नाही का? मी म्हणालो, आहे. एक जण म्हणाली, "हॉटेलवाला आम्हाला विचारतो का, आमच्या पोरांना किती अंडी मिळतात?" टरफलाचा तांबडा रंग जातीचा असतो, चाऱ्याचा नाही, हेसुद्धा गिऱ्हाइकाला कुठे ठाऊक असते. बहीण मधे पडली. तिने ट्रेवर लावायची चिठ्ठी लिहिली, "घरची अंडी. मका, शेवगा, झेंडू." गावरान हा शब्द तिने घातला नाही. भाव दहा धरला.

परवा भाचीचा फोन आला. तिने वही वाचून दाखवली. बहिणीकडे दुसऱ्या आठवड्यापासून बलक पिवळा झाला, तिसऱ्यापासून फुटकी अंडी जवळजवळ थांबली, रोजची अंडी चौदाची एकवीस झाली. बाटलीच्या घरी अंडी चौदाची सतरा झाली, टरफले होती तशीच. आणि ज्या घरी काहीच बदलले नव्हते, तिथेही सोळा. तीन घरांच्या वहीने जगाचा निकाल लागत नाही हे मलाही कळते, पण गटाला तेवढे पुरले. हॉटेलवाला दहाने पन्नास घेतो, शंभर नाही. आणि तो टायवाला पुन्हा येऊन गेला म्हणे. या खेपेला दोन बाटल्या फुकट ठेवून गेला. "कुणी घेतल्या?" मी विचारले. भाची म्हणाली, "मावशीने. म्हशीला पाजणार आहे."